कच्चे लिंबू नसलेला डाव

मोठ्यांच्या खेळात लहान मूल घ्यायचे झाले की त्याला कच्चे लिंबू ठरवून मोकळे व्हायचे, ही सोय फार जुनी आहे. त्याच्यावर राज्य येत नाही, तो बाद झाला तरी बाद धरला जात नाही, आणि तो जिंकला तरी खरोखर जिंकला असे कोणी मानत नाही. मैदानात हे खपून जाते. पटाभोवती बसलेल्या सात वर्षांच्या मुलाला मात्र आपल्याला लिंबूटिंबू केले आहे हे दुसऱ्या-तिसऱ्या खेळीतच कळते, कारण समोरचा मामा सोंगटी उचलण्यापूर्वी जरा जास्तच विचार करत असल्याचे सोंग करत असतो आणि शेवटी नेमकी चुकीची सोंगटी उचलतो. हे सोंग मी दोन वर्षे केले. त्यानंतर मात्र बोर्ड गेम, म्हणजे पटावरचे खेळ, निवडण्याची एकच कसोटी ठरवली: मी माझ्या पूर्ण ताकदीने खेळलो तरी समोरच्या लहानाला जिंकण्याची खरी संधी उरते का? या कसोटीवर जे खेळ उतरले आणि जे आपटले, त्यांचे हे परीक्षण आहे.

आमच्या टेबलाभोवती बसणारी मंडळी साधारण ठरलेली आहेत. मी, माझे दोन जुने मित्र, १४ वर्षांची पुतणी, सुरुवातीला ६ वर्षांचा असलेला आणि आता १० वर्षांचा झालेला भाचा, आणि अधूनमधून एका मित्राची ५ वर्षांची मुलगी. एकाच टेबलाशी इतक्या वेगवेगळ्या वयाची माणसे बसली की खोक्यावर छापलेली माहिती फारशी उपयोगी पडत नाही, हा पहिला धडा. खोक्यावर तीन आकडे असतात: वय, खेळाडूंची संख्या आणि लागणारा वेळ. त्यांपैकी वयाचा आकडा नेहमी खेळाच्या अवघडपणावरूनच ठरतो असे नाही. तीन वर्षांखालील मुलांसाठीची सूचना गिळता येतील अशा लहान तुकड्यांमुळे असते, आणि काही खोक्यांवरचा १४ हा आकडा मुलांच्या खेळण्यांसाठी सक्तीच्या असलेल्या चाचण्या टाळता याव्यात म्हणूनही छापलेला असतो. त्यामुळे १४ लिहिलेला एखादा खेळ ९ वर्षांची मुले सहज खेळतात, तर ८ लिहिलेल्या एखाद्या खेळात ११ वर्षांच्या मुलाचाही गोंधळ उडतो. छापलेल्या वेळेत नियम समजावण्याचा वेळ धरलेला नसतो. खेळाडूंची संख्या तर सर्वांत फसवी असते. ब्लोकससारखा, प्रत्येकाने आपल्या रंगाचे तुकडे पटावर मांडत जायचा, चौघांचा उत्तम खेळ तिघांत खेळायचा झाला, तर चौथा रंग आळीपाळीने तिघांनी चालवावा लागतो, आणि त्या बेवारस रंगाने कोणाची वाट अडवायची यावरून डाव संपेपर्यंत कुरबुर चालू राहते.

खोक्यावरच्या माहितीत एक खूण मात्र मला विश्वासाची वाटते. जर्मनीत १९७९पासून दरवर्षी ‘श्पील देस यारेस’, म्हणजे वर्षाचा सर्वोत्तम खेळ, हा पुरस्कार दिला जातो, आणि विजेत्या खेळाच्या खोक्यावर सोंगटीचे लाल चिन्ह छापलेले असते. लहान मुलांच्या खेळांसाठी २००१पासून स्वतंत्र पुरस्कार आहे, त्याचे चिन्ह निळे; मुरलेल्या खेळाडूंच्या खेळांसाठी २०११पासून आणखी एक आहे, त्याचे चिन्ह गडद करडे. लाल चिन्हाचा खेळ सहसा सर्वांनी मिळून खेळण्याजोगा असतो. करडे चिन्ह दिसले की भाच्याला वगळून मित्रांबरोबर बसायचे, असे मी मानतो. पुरस्कार मिळाला म्हणजे खेळ तुमच्या टेबलाला मानवेलच असे नव्हे, परंतु शेकडो खोक्यांपुढे उभे राहून गोंधळलेल्या माणसाला सुरुवात करायला ही खूण पुरते.

निव्वळ नशिबाचे खेळ आधी बाजूला काढतो. सापशिडीत मामा आणि भाचा अगदी समान असतात, ही गोष्ट खरी आहे. परंतु ते समान असतात कारण दोघांनाही काहीच ठरवायचे नसते. फासा पडेल तितकी घरे सोंगटी सरकवायची, शिडी मिळाली तर वर, साप मिळाला तर खाली. पाच वर्षांच्या मुलीला मोजणी शिकायला, पाळीची वाट बघायला आणि हरल्यावर पुन्हा फासा उचलायला हा खेळ उत्तम शिकवतो. आठव्या वर्षी मुलाला कळते की आपण खेळत नसून फासाच आपल्याला खेळवतो आहे, आणि त्या दिवसापासून तो खेळ कपाटात जातो. माझ्या कसोटीतील ‘पूर्ण ताकदीने’ या शब्दांना इथे काही अर्थच उरत नाही.

मोनोपॉलीबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण बहुतेक घरांत बोर्ड गेम म्हणून हाच एक खेळ असतो आणि बोर्ड गेम कंटाळवाणे असतात हे मतही त्याच्यामुळेच बनलेले असते. या खेळाचा मूळ दोष असा की जो दिवाळखोर होतो तो बाहेर पडतो, आणि बाहेर पडणारा पहिला खेळाडू हमखास सर्वांत लहान असतो. उरलेले तिघे तासभर खेळत असताना त्याने काय करायचे याचे उत्तर नियमांत नाही. त्यात भर म्हणजे आपण हा खेळ नियमाप्रमाणे खेळतही नाही. एखाद्याने जागा घ्यायला नकार दिला की बँकेने तिचा ताबडतोब लिलाव करायचा, असा छापील नियम आहे; तो बहुतेकांना ठाऊक नसतो आणि त्यामुळे जागा विकल्या जायलाच निम्मा डाव जातो. दंडाची रक्कम मध्यभागी साठवून ‘फ्री पार्किंग’च्या फुकट थांब्यावर येणाऱ्याला देण्याची घरगुती रीत तर डाव आणखी लांबवते, कारण हरत आलेल्या माणसाला पुन्हा पैसे मिळतात. लिलावासह खेळल्यावर आमचा डाव निम्म्या वेळात संपला हे मान्य करतो. तरीही भाच्याचे दिवाळे सर्वांत आधी निघाले आणि तो उरलेला वेळ छोटी हिरवी घरे एकावर एक रचत बसला. त्यापेक्षा त्याला घरे रचण्याचाच एखादा खेळ आणून द्यावा, असे मला त्या संध्याकाळी वाटले.

तसा खेळ निघाला. राइनो हीरो या पुठ्ठ्याच्या पत्त्यांच्या खेळात दुमडलेले पत्ते भिंती म्हणून उभे करायचे, वर छपराचा सपाट पत्ता ठेवायचा, आणि छपरावर खूण असेल तर लाकडी गेंडा खालच्या मजल्यावरून उचलून वर आणून ठेवायचा. हातातले सर्व पत्ते ज्याचे आधी संपतील तो जिंकला. इमला ज्याच्या हातून कोसळेल तो हरला. माझी बोटे जाड आहेत आणि बाराव्या मजल्यापर्यंत इमला गेला की माझा हात थरथरतो. मित्राच्या पाच वर्षांच्या मुलीचा थरथरत नाही. ती श्वास रोखून, जिभेचे टोक दातांत धरून, गेंड्याला दोन बोटांच्या चिमटीत उचलते आणि छपराच्या बरोबर मध्यावर ठेवते. तिच्याशी मी पूर्ण ताकदीने खेळतो आणि निम्म्याहून अधिक वेळा हरतो. नियम समजावायला दोन मिनिटे लागतात आणि एक डाव दहा-पंधरा मिनिटांत संपतो. खेळ कोसळण्यानेच संपत असल्यामुळे हरणाराही हसत असतो, हा त्याचा मोठा गुण.

डॉबल हा दुसरा खेळ याच जातीचा, पण त्यामागची रचना थक्क करणारी आहे. ५५ गोल पत्ते, प्रत्येकावर ८ चित्रे, आणि कोणतेही दोन पत्ते उचलले तरी त्यांत नेमके एकच चित्र समान. एकूण चित्रे ५७ असून या गणिती रचनेत पत्तेही ५७ बसू शकतात. खोक्यात मात्र दोन कमीच येतात. पुतणीला गणिताची आवड असल्यामुळे तिने एका दुपारी ८ ऐवजी ३ चित्रांचे पत्ते स्वतः काढून पाहिले. तिला ७ चित्रांत ७ पत्ते बसवता आले, आणि तेवढ्यात त्या खोक्याची किंमत वसूल झाली असे मी मानले. खेळात समान चित्र आधी ओळखून त्याचे नाव मोठ्याने सांगायचे असते. एकच चित्र एका पत्त्यावर मोठे आणि दुसऱ्यावर लहान, तिरके छापलेले असल्यामुळे मोठ्या माणसाची नजर नेमकी त्याच्यावरून घसरून जाते, तर मुले ते पटकन टिपतात. वाचता येण्याची गरज नाही. मात्र चित्रांची नावे आधी ठरवून घ्यावीत, नाहीतर ‘हिमकण’ आधी म्हटले की ‘चांदणी’ आधी म्हटले यावरून वाद होतो. मित्रांच्या बैठकीत मात्र हा खेळ पंधरा मिनिटांपलीकडे रंगत नाही.

आता त्या खेळांकडे येतो ज्यांत खरोखर काही ठरवावे लागते. लाल चिन्हाच्या खेळांपैकी आमच्याकडे सर्वाधिक वेळा टेबलावर आला तो किंग्डोमिनो. ब्रूनो कॅथाला यांच्या या खेळाला २०१७चा पुरस्कार मिळाला. डॉमिनोसारख्या ४८ जोडफरशा असतात. प्रत्येक अर्ध्यावर शेत, जंगल, पाणी असा एखादा भूभाग असतो आणि काहींवर मुकुट असतात. चौघांत प्रत्येकाच्या वाट्याला १२ फरशा येतात, म्हणजे २४ घरे आणि आपला किल्ला, मिळून ५ गुणिले ५ असा चौकोन. एकसलग भूभागातली घरे गुणिले त्यावरचे मुकुट, इतके गुण. सहा घरांचे तळे आणि त्यावर दोन मुकुट म्हणजे १२. नऊ घरांचे विस्तीर्ण जंगल आणि त्यावर एकही मुकुट नाही म्हणजे शून्य. शून्याने गुणल्यावर काय होते हे भाच्याला शाळेत शिकवले होतेच, परंतु त्या दिवशी आपल्या हिरव्यागार जंगलाकडे बघत त्याने ते पहिल्यांदा मनावर घेतले. या खेळातली सर्वांत सुंदर युक्ती पाळीच्या क्रमात आहे: जो चांगली फरशी उचलतो त्याची पुढची पाळी उशिरा येते आणि साधी फरशी घेणाऱ्याला पुढच्या वेळी आधी निवड करता येते. त्यामुळे पुढे गेलेल्याला आपोआप वेसण बसते, आणि ती मामाला स्वतःहून घालून घ्यावी लागत नाही. पंधरा-वीस मिनिटांचा डाव असल्यामुळे हरलेला लगेच दुसरा डाव मागतो. दोघांत खेळायचे असल्यास ७ गुणिले ७ चा चौकोन करण्याची सूचना नियमपत्रिकेत आहे. ती अवश्य पाळावी.

कार्कासोन हा त्याच घराण्यातला वडीलधारा खेळ म्हणता येईल. फ्रान्समधल्या तटबंदीच्या नगराचे नाव असलेल्या या खेळात ७२ चौकोनी फरशा एकेक उचलून रस्ते, नगरे आणि मठ जुळवत जायचे आणि त्यांवर आपली लाकडी माणसे ठेवायची. फरशी उचलली की ती सर्वांना दाखवून ‘कुठे लावू’ असे विचारायची मुभा आहे, आणि लहान मुलांना हेच आवडते. अडचण आहे ती शेतकऱ्यांची. शेतात आडवा ठेवलेला माणूस डाव संपेपर्यंत परत मिळत नाही आणि त्याचे गुण शेवटी मोजतात, त्यामुळे आमच्या पहिल्या डावात भाचा सर्वांच्या पुढे होता आणि अखेरच्या मोजणीत माझ्या दोन आडव्या माणसांनी त्याला एकदम मागे टाकले. तो रडला नाही, पण नियम आधी का नाही सांगितलास, हा त्याचा प्रश्न रास्त होता. पहिले पाच-सहा डाव शेतकरी वगळूनच खेळावेत.

तिकीट टू राइडबद्दल माझे मत इतके अनुकूल आहे की ते तपासून पाहण्यासाठी मी मुद्दाम त्याचे दोष शोधले. ॲलन मून यांचा हा २००४चा खेळ. नकाशावर शहरे आणि त्यांना जोडणारे लोहमार्ग; हातात रंगीत डब्यांचे पत्ते; एकाच रंगाचे पुरेसे पत्ते जमले की तो मार्ग आपल्या प्लास्टिकच्या डब्यांनी व्यापायचा. प्रत्येकाकडे ४५ डबे असतात, आणि कोणाकडे दोन किंवा त्यांहून कमी उरले की सर्वांना एकेक शेवटची पाळी मिळून डाव संपतो. एका डब्याच्या मार्गाला १ गुण, दोनला २, तीनला ४, चारला ७, पाचला १०, सहाला १५. ही चढती भाजणी पाहिली की लांब मार्गाची हाव सुटते, आणि ती हावच खेळ रंगवते. पाळीला करायच्या गोष्टी तीनच: पत्ते घ्या, मार्ग व्यापा किंवा नवी तिकिटे उचला. तिकिटांवर दोन शहरांची नावे आणि गुणांचा आकडा असतो. ती शहरे जोडता आली तर तितके गुण मिळतात, न आली तर तितकेच वजा होतात. मी गुणांच्या मागे लागतो, पुतणी तिकिटांच्या, आणि भाचा काळ्या रंगाचा सहा डब्यांचा मार्ग मिळावा म्हणून काळे पत्ते साठवत बसतो. आणि या तिन्ही वाटांनी जिंकता येते.

दोष दोन सापडले. पहिला असा की शहरांची नावे रोमन लिपीत आहेत, आणि आठ वर्षांच्या मुलाचा अर्धा वेळ तिकिटावरचे शहर नकाशात शोधण्यात जातो. तो बोट फिरवत शोधू लागला की त्याला कुठे जायचे आहे हे सर्वांना कळते. त्यावर आम्ही तोडगा काढला: डाव सुरू होण्यापूर्वी पाच मिनिटे सर्वांनी नकाशातली नावे मोठ्याने वाचायची. दुसरा दोष म्हणजे अडवणूक. दोन शहरांमधला एकमेव मार्ग कोणीतरी आपल्याआधी घेतला की पाच पाळ्यांची तयारी फुकट जाते. मी माझ्या पूर्ण ताकदीने खेळायचे ठरवले होते, त्यामुळे भाच्याला हवा असलेला मार्ग, तो त्याला हवा आहे हे ओळखूनही, मी घेतला. तो बराच वेळ पटाकडे बघत राहिला. मग हातातले पत्ते पुन्हा रंगवार लावले, नकाशाच्या वरच्या अंगाने लांबचा फेरा शोधला आणि चार पाळ्यांनंतर तिकीट पूर्ण करून दाखवले. मला तेव्हा आपण मार्ग सोडून दिला नाही याचे बरे वाटले. सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी याच खेळाची एक सोपी आवृत्ती आहे. तिच्यात गुणांची मोजदाद नाही. जो सहा तिकिटे आधी पूर्ण करील तो जिंकला. घरात मूल लहान असेल तर तिथून सुरुवात करावी.

कटानला मी याच उत्साहाने दाद देऊ शकत नाही. क्लाउस टॉयबर यांचा हा १९९५चा खेळ मित्रांबरोबर आजही बहारदार वाटतो: १९ षट्कोनी तुकड्यांचे बेट, दोन फाशांच्या बेरजेवर मिळणारा माल, आणि एकमेकांशी मालाची देवघेव. आकड्यांखाली दिलेले ठिपके तो आकडा पडण्याची शक्यता दाखवतात, ही सोयही चांगली. परंतु देवघेव म्हणजे बोलाचालीचा सौदा, आणि त्यात दहा वर्षांचे मूल मोठ्यांपुढे टिकत नाही. एकतर ते दोन विटांसाठी हातातले सगळे धान्य देऊन बसते, नाहीतर त्याची दया येऊन कोणीतरी त्याला फुकटात माल देतो, म्हणजे पुन्हा कच्चे लिंबूच. सात पडल्यावर येणारा चोर कोणावर सोडायचा हा प्रश्नही घरात नको इतका व्यक्तिगत होतो. १२ वर्षांनंतर आणि तीन-चार खेळाडू असतील तरच हा खेळ काढावा, असे माझे मत आहे. माइकल कीसलिंग यांच्या २०१८च्या पुरस्कारविजेत्या आझुलच्या रंगीत फरशा हातात घ्यायला सुंदर आहेत, पण दुसऱ्याच्या गळ्यात नको त्या फरशा मारण्यातच त्याचे कसब असल्यामुळे तोही मी मित्रांसाठीच राखून ठेवतो.

हरण्यावरून रुसवे-फुगवे होत असतील तर सर्वांनी मिळून पटाविरुद्ध खेळायचे खेळ आणावेत, असा सल्ला सर्रास दिला जातो. लहानांच्या बाबतीत तो योग्य आहे. जर्मनीच्या हाबा कंपनीचा १९८६पासूनचा फळबागेचा खेळ मित्राच्या मुलीने शेकडो वेळा खेळला असेल: कावळा येण्याआधी सर्वांनी मिळून चारही झाडांची फळे उतरवायची. मोठ्या मुलांसाठी मॅट लीकॉक यांचा फॉरबिडन आयलंड आणला. २४ तुकड्यांचे बेट एकेक करून बुडत जाते आणि पूर्ण बुडण्याआधी चार खजिने घेऊन निसटायचे असते. बुडालेला तुकडा खोक्यात परत जातो आणि पटावर खरोखर रिकामी जागा दिसते, तेव्हा टेबलाभोवती सगळे पुढे झुकतात.

पण याच खेळात माझी फजिती झाली. सर्वांचे पत्ते उघडे, उद्दिष्ट एकच आणि मला उत्तर आधी दिसत होते. मग मी सांगत गेलो: तू इकडे जा, तू तो पत्ता तिला दे, तू ही जागा कोरडी कर. तिसऱ्या फेरीनंतर भाच्याने आपली सोंगटी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाला, “मामा, मग सगळं तूच खेळ ना.” मी स्पर्धेत त्याला मुद्दाम जिंकू देत होतो तेव्हा जे करत होतो, तेच इथे दुसऱ्या तऱ्हेने केले होते. या दुखण्यावर नियमांतच औषध असलेला खेळ म्हणजे ऑंत्वान बोझा यांचा २०१३चा पुरस्कारविजेता हानाबी. ५० पत्ते, पाच रंग, आणि प्रत्येकाने आपले पत्ते उलटे, म्हणजे चित्राची बाजू इतरांकडे करून धरायचे. आपले पत्ते आपल्याला दिसत नाहीत. इतरांनी दिलेल्या मोजक्या संकेतांवरून ते ओळखून १ ते ५ असे क्रमाने लावायचे. संकेतांच्या चकत्या आठच. इथे हुकूम सोडणारा मामा निरुपायाने गप्प बसतो, कारण स्वतःच्या हातात काय आहे हे त्यालाच ठाऊक नसते. भाच्याने पहिल्याच दिवशी तीन वेळा सवयीने पत्ते स्वतःकडे वळवले, तेवढी गंमत सोडली तर खेळ नऊ-दहा वर्षांपासून नीट चालतो.

खरेदीबद्दल थोडेसे. एका प्रसिद्ध खेळाचे खोके मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून घाईने घेतले, ते बनावट निघाले. पत्त्यांच्या पाठीचा रंग दोन छटांत छापलेला होता, त्यामुळे गड्डीत पुढे कोणता पत्ता आहे हे दुसऱ्या दिवसापासून भाच्याला कळू लागले. फरशा एकमेकींना चिकटून फाटत होत्या आणि नियमपत्रिकेची दोन पाने गायब होती. खोक्यावर प्रकाशकाचे नाव आणि खेळ रचणाऱ्याचे नाव दोन्ही स्पष्ट छापलेले आहे का, हे तेव्हापासून मी आधी बघतो. दुसरी चूक पूर्णपणे माझी होती. सुंदर चित्रांना भुलून एक अवजड खेळ घेतला. त्याचे नियम समजावायला मला पन्नास मिनिटे लागली आणि तेवढ्यात मित्राची मुलगी टेबलाखाली झोपून गेली. तेव्हापासून नियमपत्रिका घरी एकट्याने वाचून, दोन काल्पनिक खेळाडूंचा डाव स्वतःशी खेळून मगच खेळ लोकांपुढे काढतो, आणि पहिली फेरी सर्वांचे पत्ते उघडे ठेवून खेळवतो.

शेवटी शब्दांचे खेळ, ज्यांत मित्रमंडळी आणि मुले एकाच बैठकीत सर्वाधिक रमतात. डिक्सिटला भाषेची अडचण नाही. ८४ स्वप्नवत चित्रे. पाळी असलेल्याने आपल्या एका चित्रावरून एखादे वाक्य किंवा शब्द बोलायचा, इतरांनी त्याला जुळेल असे आपले एकेक चित्र द्यायचे, आणि मूळ चित्र ओळखायचे. सर्वांनी ओळखले किंवा कोणीच ओळखले नाही तर सांगणाऱ्याला शून्य. म्हणजे संकेत फार उघडाही चालत नाही आणि फार गूढही चालत नाही. भाचा एकदा ‘तुझी जुनी सायकल’ एवढेच म्हणाला. चित्रात सायकल कुठेच नव्हती, एक गंजलेली शिडी होती. मला कळले, बाकीच्यांना नाही, आणि दोघांनाही तीन-तीन गुण मिळाले. इथे वयाचा अधिकार चालत नाही.

व्लादा ख्वातील यांचा कोडनेम्स हा खेळ त्याहून सरस आहे, पण खोक्यातले शब्द इंग्रजी असल्यामुळे तो आमच्याकडे सहा महिने पडून होता. २५ शब्द ५ गुणिले ५ असे मांडायचे. दोन गटांच्या म्होरक्यांपाशी कोणते शब्द कोणाचे याचा गुप्त नकाशा असतो: सुरुवात करणाऱ्या गटाचे ९, दुसऱ्याचे ८, कोणाचेच नसलेले ७ आणि एक मारेकरी, ज्याला बोट लावले की गट तिथेच हरतो. म्होरक्याने एक शब्द आणि एक आकडा एवढेच बोलायचे, आणि त्यावरून गटाने आपले तेवढे शब्द ओळखून त्यांना बोट लावायचे. पुतणीने एके दिवशी इंग्रजी पत्ते खोक्यात ठेवले, कोऱ्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या कापल्या आणि त्यांवर मराठी शब्द लिहायला सर्वांना बसवले. गुप्त नकाशे मूळचेच वापरता येतात. ज्यांना दोन-तीन अर्थ आहेत असे शब्द सर्वांत जास्त कामाला येतात, हे लवकरच ध्यानात आले: पान, तार, वार, कर, दंड, अंक, माळ, नाद, डाव. ‘नाटक, दोन’ म्हटले की अंक आणि पडदा. ‘दिवस, दोन’ म्हटले की वार आणि उजेड, पण समोर बसलेला आपलाच गट वार म्हणजे तलवारीचा असे समजून बसलेला. मांडलेल्या शब्दाचे कोणतेही रूप संकेतात चालत नाही, या नियमावर मराठीत जरा वाद होतो, कारण झाड मांडलेले असताना ‘झाडी’ चालेल का, असे प्रश्न पडतात. आम्ही ते चालत नाही असे ठरवून टाकले आहे.

आता पिशवीत दोनशेच्या वर चिठ्ठ्या आहेत आणि निम्म्या मुलांच्या अक्षरांतल्या आहेत. गेल्या बैठकीत पुतणी आमची म्होरकी होती. तिने संकेत दिला, ‘फसगत, दोन’. भाच्याने टोपी या शब्दाला बोट लावले, ते बरोबर निघाले. दुसऱ्या शब्दासाठी मी भरपूर विचार करून, सोंग न करता, जाळे या शब्दाला बोट लावले आणि तो मारेकरी निघाला. पुतणीने कपाळाला हात लावून वरच्या ओळीतल्या एका चिठ्ठीकडे बोट दाखवले. भाच्याच्या वाकड्या अक्षरांत तिच्यावर लिहिले होते: मामा.